ळ

निफाडच्या कोर्टात माझ्या टाइपरायटरचं ळ तुटलेलं होतं.
जागा सोडायची, मागाहून पेनानं भरायची.
नव्या मॅडम पहिल्याच निकालाला म्हणाल्या, द्या इकडे,
आणि दहा पानांतले सगळे ळ स्वतः भरले:
मळा, ओहोळ, मूळ मालक, वहिवाटीचा काळ.
प्रत्येक ळ चष्म्यासारखा,
दोन्ही काचा नीट गोल.

प्रमिला ढोमणे, अचलपूरच्या.
दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. वय तेहतीस.
विरामचिन्हंसुद्धा सांगायच्या:
वादीचा दावा मंजूर स्वल्पविराम
खर्च ज्याचा त्यानं सोसावा पूर्णविराम.
दावा दोन हात रुंदीच्या बांधाचा होता.

तीन वर्षांनी गॅसची टाकी, शिलाई मशीन,
मुलीचा शाळेचा दाखला, सगळं ट्रकात चढलं.
पुढचं मला बदल्यांच्या यादीतून कळत गेलं.
गंगाखेड. उमरखेड. वरिष्ठ स्तर, अलिबाग.
मुलीचे चार गणवेश, चार रंगांचे.
वरून दरसाल शेरा:
निकाली प्रकरणांची संख्या समाधानकारक.
मग जिल्हा न्यायाधीश, वाशीम. तिथली पहिली जन्मठेप.
हे मला तिथल्या स्टेनोनं सांगितलं.
(साहेब लोकांची यादी मुंबईहून निघते,
आमची फोनवरून.)
म्हणाला, शिक्षा सांगून झाली
आणि बाई पूर्णविराम म्हणेचनात.
मी बोटं वर धरून बसलो होतो.

शेवटी नाशिक. सीबीएससमोरची दगडी इमारत,
आणि योगायोगानं मीच पुन्हा खाली बसलेलो.
खैरनार, तुमचे केस कुठे गेले, एवढंच म्हणाल्या.
नंतर तीन वर्षं कामाशिवाय शब्द नाही.
घर ते कोर्ट, कोर्ट ते घर,
मेहेर सिग्नलवरसुद्धा गाडीची काच वर.
लग्नाच्या पत्रिका येत, टेबलावर राहत.
कोण कधी कुणाच्या बाजूनं उभा राहील,
सांगता येत नाही ना.

मार्चमध्ये बोर्डावर एक अपील आलं.
जुन्या दरखास्तीवरचं, निफाडचं.
वादी वारला, प्रतिवादी वारला,
दोघांचे वारस मिळून अकरा.
बांधाच्या दोन्ही अंगांना आता प्लॉट पडलेत,
द्राक्षाची एक वेल नाही, बांधही कुठला,
नकाशात तेवढी एक रेघ.
मॅडम मूळ निकाल उलटत होत्या.
तिसऱ्या पानावर थांबल्या.
निळी शाई जांभळी पडली होती.
चष्मा काढला, पुसला, परत लावला.
दोन्ही वकील उभे, पंखा फिरतोय,
दारात पगारे शिपाई पुढचा पुकारा ओठांवर धरून.

लिहा, म्हणाल्या.
सदर वादाचा मूळ निकाल मीच दिलेला असल्यानं
अपील माझ्यासमोर चालवणं उचित नाही स्वल्पविराम
अन्य न्यायालयाकडे वर्ग.
मी वाट पाहिली.
मग मीच एक टिंब दिलं.
जेवणाच्या सुट्टीत विचारलं,
मॅडम, तो निकाल बरोबर होता ना?
म्हणाल्या, कायद्यानं होता.
डबा उघडला. शेपूची भाजी होती.

काल निवृत्तीचा दिवस. नारळ, शाल, बार रूममध्ये भाषणं.
पगारेनं दारावरची नावाची पाटी उतरवली,
चार स्क्रू कागदात बांधून
पाटीसोबत त्यांच्याच हातात दिले.
सरकारी गाडी परत पाठवून
गेटपाशी त्या माझ्याबरोबर चालत आल्या.
साडेपाच. रिक्षांची गर्दी.
एक पक्षकार ओळखून बाजूला झाला, एक नाही झाला,
त्याचा धक्का लागला, तर त्यांना ते आवडलं असावं.

खैरनार, इथे मिसळ चांगली कुठे मिळते हो?
तीन वर्षं नुसतं ऐकतेय.

मी म्हटलं, मॅडम, मिसळ सकाळची असते.
आता कुठे, सगळीकडे संपली असेल.

मग द्या, म्हणाल्या, पुढची तारीख.